अंदाजाचा पाना आणि मापाचा पाना

कापडाच्या व्यापाऱ्याने इंजिनाच्या बोल्टवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. सुताचे भाव, ग्रे कापडाची मागणी, उधारीची वसुली हे आमचे विषय. पण माल तयार होऊन भागत नाही, तो वेळेवर पोहोचावा लागतो. तो पोहोचवणारा टेम्पो किंवा ट्रक डिझेलवर चालतो आणि त्याची दुरुस्ती आपल्याच मोहल्ल्यातील मिस्त्री करतात. म्हणजे गाडीचा मालक आपला, ड्रायव्हर आपला आणि गॅरेजवालाही आपला. म्हणून ज्या गोष्टीत या तिघांचे नुकसान होत आहे, तिच्याबद्दल याच पानावर बोलणे आम्हाला योग्य वाटते.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची आहे. ईदच्या आधीचा सीझन होता. आमचा टेम्पो ग्रे कापडाचे गठ्ठे घेऊन मालेगावहून भिवंडीला निघाला होता. प्रोसेसवाल्याकडे आमचा नंबर लागलेला होता आणि माल संध्याकाळपर्यंत उतरणे जरुरीचे होते. कसारा घाट उतरत असताना इंजिन एकाएकी बंद पडले. उतारावर इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे ड्रायव्हर लोकांना सांगायला नको. स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेकला जी मदत इंजिनाकडून मिळते ती दोन-चार वेळा पाय दाबताच संपते. आमचा ड्रायव्हर जुना आणि शांत डोक्याचा. त्याने गाडी डाव्या अंगाला घेऊन उभी केली आणि चाकांखाली दगड लावले. जीव वाचला, मालही वाचला. अर्ध्या तासाने इंजिन थंड झाल्यावर गाडी पुन्हा सुरू झाली, जणू काही झालेच नव्हते.

पुढील आठ दिवसांत ती तीन वेळा अशीच बंद पडली. एका ठिकाणी डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्या ठिकाणी पंपावर संशय घेऊन मोठा खर्च सांगितला. तिसऱ्या ठिकाणी वायरिंग उघडून पुन्हा बांधले. अखेर भिवंडीत एका तरुण मिस्त्रीने स्कॅनर लावला. पी ०३३५ हा कोड आला. त्याचा अर्थ क्रँकशाफ्टच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. त्याने सेन्सर काढला आणि मोबाईलच्या उजेडात आम्हाला दाखवला. ज्या प्लास्टिकच्या कानातून बोल्ट जातो, त्या कानाला केसासारखी बारीक चीर गेली होती. इंजिन तापले व थरथरले की सेन्सर जागेवरून हलायचा, सिग्नल तुटायचा आणि इंजिन बंद व्हायचे.

चीर कशी पडली? पंधरा दिवस आधी ऑईल गळत होते म्हणून आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने तो भाग उघडला होता. काम चांगले केले होते, गळती थांबली होती. फक्त शेवटी सेन्सरचा बोल्ट त्यांनी हात सांगेल तितका आवळला. त्यांचा हात लोखंडावर तयार झालेला होता आणि सेन्सरचा कान प्लास्टिकचा होता.

भिवंडीच्या मुलाने नवा सेन्सर बसवला. पेटीतून एक छोटा पाना काढला, त्याचा आकडा फिरवून लावला, हळू ओढला. ‘कट’ असा आवाज आला आणि त्याने हात काढून घेतला. आम्हाला ते काम अर्धवट वाटले. आम्ही म्हणालो, बेटा, अजून थोडा कस. तो हसून म्हणाला, “चाचा, याला एवढंच लागतं.” त्यानंतर गाडी त्या कारणाने एकदाही बंद पडलेली नाही.

इंजिन बदलले, हात तोच राहिला

जुन्या डिझेल इंजिनात पंप यंत्राने चालायचा. डिझेल किती व केव्हा सोडायचे ते पंपाच्या आतील स्प्रिंग आणि वजने ठरवीत. इंजिनाचा सांगाडा बिडाचा, बोल्ट जाड. अशा इंजिनावर आमच्या मिस्त्री लोकांनी जे हुनर कमावले, त्याला तोड नाही. आवाज ऐकून दोष सांगणारे उस्ताद आम्ही पाहिले आहेत.

आज तसे नाही. देशभर भारत स्टेज चार हे प्रदूषणाचे मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. ही मानके पाळायची तर डिझेलचा थेंब नेमक्या क्षणी, नेमक्या मापात जळावा लागतो. ते काम कंट्रोल मॉड्यूल करते. त्याला कोणी ईसीएम म्हणतात, कोणी ईसीयू. हे मॉड्यूल स्वतः आंधळे असते. त्याचे डोळे म्हणजे सेन्सर. क्रँकशाफ्ट कोठवर फिरला, कॅमशाफ्ट कोठे आहे, रेलमध्ये दाब किती, पाणी किती तापले, ऑईलचा दाब किती, टर्बोची हवा किती, सायलेन्सरकडे जाणारा धूर किती गरम आणि त्यात नायट्रोजनचे विषारी वायू किती, हे सर्व सेन्सर सांगतात. सेन्सर खोटे बोलला तर मॉड्यूल चुकीचा हुकूम देते. सेन्सर गप्प बसला तर मॉड्यूल घाबरते आणि इंजिनाचा जोर कमी करते.

हाच तो प्रकार, ज्यात ड्रायव्हर म्हणतो की गाडी घाटात ओढत नाही. इंजिनाच्या या ओढण्याच्या ताकदीला टॉर्क म्हणतात, आणि बोल्टला दिलेल्या पिळालाही टॉर्कच म्हणतात. एका टॉर्कमध्ये चूक झाली की दुसरा टॉर्क जातो. बोल्टचा पीळ चुकला, सेन्सर बिघडला, मॉड्यूलने इंजिनाला आवर घातला आणि भरलेली गाडी चढावर धापा टाकू लागली. मग क्लच बदला, टर्बो उघडा, पंप पाठवा असे सुरू होते. मूळ दोष मात्र दहा नंबरच्या पान्याने कसलेल्या एका बोल्टमध्ये असतो.

पीळ म्हणजे नेमके काय

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, एखाद्या कडक स्प्रिंगसारखा. त्या ताणामुळे तो दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. ताण कमी पडला तर इंजिनाच्या थरथरीने बोल्ट ढिला होतो. ताण जास्त झाला तर तीनपैकी एक गोष्ट घडते. बोल्ट कायमचा लांबतो आणि त्याचा ताण जातो. किंवा ॲल्युमिनियमच्या भोकातील आटे जातात. किंवा मधला नाजूक भाग, म्हणजे सेन्सरचा कान, रबरी रिंग किंवा तांब्याचा वायसर, दबून खराब होतो.

आमच्या विणकर भावांना हे लवकर समजेल. साध्या लूमवर बीमच्या दोरीला वजने टांगून ताण्याचा ताण ठरवतात. वजन जास्त झाले तर तार तुटतात. कमी झाले तर कापड ढिले येते आणि व्यापारी ते परत करतो. चांगला विणकर वजन वाढवतच जात नाही. सुताचा नंबर आणि कापडाची जात पाहून तो योग्य वजन टांगतो. बोल्टचेही तसेच आहे. जास्त कसणे म्हणजे जास्त मजबूत, हा समज चुकीचा आहे.

हा पीळ न्यूटन मीटर या मापात मोजतात. आकडा समजावा म्हणून आम्ही आमच्या दुकानातील मीटरपट्टीचे उदाहरण देतो. पट्टीचे एक टोक बोल्टवर घट्ट बसवले आहे आणि दुसऱ्या टोकाला एक किलोचे वजन टांगले आहे असे समजा. त्याने बोल्टवर जो पीळ येईल तो जवळजवळ १० न्यूटन मीटर. सहा मिलीमीटर जाडीचा साधा बोल्ट, ज्याच्या डोक्याला दहा नंबरचा पाना लागतो, त्याला साधारण एवढाच पीळ पुरतो. सेन्सर प्लास्टिकचा किंवा भोक ॲल्युमिनियमचे असेल तर कंपनी बहुधा त्याहून कमी आकडा देते.

आता हाताचा हिशेब पाहा. वीतभर, म्हणजे अंदाजे १५ सेंटीमीटर लांबीचा पाना हातात आहे. त्यावर सात किलोपेक्षा कमी जोर दिला तरी १० न्यूटन मीटर होतात. दहा किलोचा जोर दिला की १५ होतात, म्हणजे दीडपट. आणि दहा किलोचा जोर मिस्त्रीच्या मनगटाला जाणवतसुद्धा नाही. तोच बोल्ट पाव मीटर लांबीच्या मोठ्या हँडलने कसला तर चार किलोतच काम संपते. दिवसभर चाकाचे नट आवळणाऱ्या हाताला चार किलो आणि आठ किलो यांतला फरक कळावा, अशी अपेक्षा करणे हा त्या हातावर अन्याय आहे.

शिवाय सर्व पीळ बोल्टच्या ताणात जात नाही. मोठा हिस्सा घर्षणात जातो. मोटे गणित असे सांगतात की, पिळाच्या शंभर भागांतील सुमारे पन्नास बोल्टच्या डोक्याखाली आणि चाळीस आट्यांत खर्च होतात. दहाच भाग ताण देण्याच्या कामी येतात. म्हणून आट्यांना ऑईल लागले की घर्षण घटते आणि त्याच आकड्यावर ताण खूप वाढतो. आटे गंजलेले असतील तर उलट होते. पाना ‘कट’ म्हणतो, पण बोल्ट दाबून धरीत नाही. आटे साफ करणे आणि कंपनीने सांगितले असेल तरच ऑईल किंवा लॉकचा मसाला लावणे, हा मापाचा पहिला भाग आहे.

सेन्सर आणि मॉड्यूल, प्रत्येकाची रीत वेगळी

काही सेन्सर एका बोल्टने बसतात. क्रँक आणि कॅमचे सेन्सर बहुधा असेच. त्यांचे टोक दातेरी चकतीपासून फार थोड्या अंतरावर असते. खालची जागा साफ नसेल किंवा रबरी रिंग मुरगळली असेल तर सेन्सर तिरका बसतो, आणि मग तो बोल्टने ओढून बसवण्याचा मोह होतो. तेथेच कान तुटतो. सेन्सर हाताने दाबून पूर्ण बसला पाहिजे, बोल्टचे काम त्याला नुसते धरून ठेवण्याचे आहे.

काही सेन्सरना स्वतःचेच आटे असतात. उदाहरणार्थ पाण्याच्या उष्णतेचा, ऑईलच्या दाबाचा, रेलच्या दाबाचा आणि धुराचा सेन्सर. त्यांचे पिळाचे आकडे वेगवेगळे असतात, एकाचा दुसऱ्याला लावता येत नाही. कॉमन रेलच्या बऱ्याच इंजिनांत दाब १६०० बार किंवा त्याहून अधिक असतो. तेथे सेन्सर ढिला राहणे धोक्याचे आहे. इंजिन चालू असताना रेलच्या कोणत्याही जोडाला पाना लावू नये. त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत शिरते. शागिर्द मुलांना ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली पाहिजे. धुराच्या नळीत बसणाऱ्या नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा कारखान्यातूनच मसाला लावलेला येतो. तो पुसू नये आणि सेन्सरच्या टोकाला लागू देऊ नये.

आता मॉड्यूलविषयी. मोठ्या गाड्यांत पुष्कळदा ते इंजिनावरच, रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते. गादीचे काम थरथर खाऊन टाकण्याचे. बोल्ट जास्त आवळला तर गादी चेपते आणि सारी थरथर आतल्या सर्किटपर्यंत जाते. ढिला ठेवला तर मॉड्यूल आपटते. त्याच्या मोठ्या कनेक्टरच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी एक स्क्रू असतो. त्याला फार थोडा पीळ लागतो, कित्येक इंजिनांत १० न्यूटन मीटरहून बराच कमी. तो मोडला किंवा त्याचे आटे गेले की दोष कधी येतो, कधी जातो, आणि अशा दोषामागे महिना जातो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते अर्थिंगच्या बोल्टकडे. बहुतेक सेन्सर पाच व्होल्टवर काम करतात. अर्थिंग ढिली असेल, किंवा बोल्टखाली रंग व गंज असेल, तर त्या पाचातील अर्धा-पाव व्होल्ट इकडचा तिकडे होतो आणि चांगला सेन्सरही खोटे बोलू लागतो. सेन्सर बदलला, दोष तोच. दुसरा बदलला, तरी तोच. गिऱ्हाईक म्हणते, मिस्त्रीने फसवले. मिस्त्री म्हणतो, माल डुप्लिकेट निघाला. दोघेही खोटे बोलत नसतात.

मापाचा पाना कसा वापरावा

ज्या पान्याविषयी आम्ही बोलतो आहोत त्याला टॉर्क रेंच म्हणतात. आकडा लावला की तेवढा पीळ होताच तो ‘कट’ करतो. तो असूनही चुका होतात, म्हणून जाणत्यांकडून ऐकलेल्या काही गोष्टी येथे देतो.

एक पाना सर्व कामांना चालत नाही. हेडच्या किंवा चाकाच्या बोल्टचा मोठा पाना सेन्सरसाठी निरुपयोगी आहे, कारण पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला तो विश्वासाचा नसतो. सेन्सरसाठी २५ न्यूटन मीटरपर्यंतचा छोटा पाना वेगळा असावा. बोल्टचे पहिले आटे नेहमी बोटांनी लावावेत, हवेच्या गनने कधीही नाही. पाना हळू व एकसारखा ओढावा आणि पहिल्या ‘कट’ला थांबावे, दुसऱ्यांदा कट करून खात्री करणे म्हणजे जास्त कसणे. हँडलला पाईप लावून लांबी वाढवू नये. बोल्ट खोलण्यासाठी हा पाना वापरू नये. काम झाल्यावर आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, नाहीतर आतील स्प्रिंग दमते. पडला, आपटला तर तपासून घ्यावा.

तपासणी ही मोठी गोष्ट आहे. आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, दुसरी मुदत ठरवलेली नसल्यास, १२ महिने किंवा ५००० वेळा वापर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा पाना तपासून घ्यायचा असतो. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा हे काम करतात. आमच्या मीटरपट्टीवर आणि काट्यावर सरकारी शिक्का लागतो, मुदत संपली की पुन्हा मारून घ्यावा लागतो. मापाच्या साधनावर विश्वास ठेवायचा तर आधी साधन तपासावे, ही सवय व्यापाऱ्याला आहे. ती गॅरेजमध्येही यावी.

आक्षेप आणि आमचे उत्तर

आमचे नेहमीचे मिस्त्री आमच्याबरोबर लहानपणी एकाच उर्दू शाळेत होते. भिवंडीची हकिकत ऐकून त्यांना वाईट वाटले. ते म्हणाले, “तीस वर्षं या हातानं इंजिनं बांधली. आता हा हात खोटा ठरला का?” हा प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे बरे नाही.

आम्ही त्यांना आमच्या धंद्यातले सांगितले. कापडाला बोट लावून सूत सांगणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत, थोडेबहुत आम्हालाही जमते. तरी सौदा मोठा असेल तर आम्ही खिशातून काच काढतो आणि एका इंचात किती पिक आहेत ते मोजतो. त्याने बोटांची बेइज्जती होत नाही. उलट, कोठे काच लावायची हे बोटेच सांगतात. तसेच कोणता बोल्ट उघडावा, आवाज कोठून येतो, हे उस्तादच सांगेल. आकडा फक्त शेवटच्या पिळाला लागतो. भिवंडीच्या त्या मुलाकडे पाना होता, पण आमच्या मिस्त्रींचा कान त्याच्याकडे नाही. दोन्ही एका गॅरेजमध्ये आले तर कंपनीच्या वर्कशॉपचे भय राहणार नाही.

दुसरा आक्षेप, आकडे आणायचे कोठून? कंपन्या माहिती देत नाहीत. ही तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. स्वतंत्र गॅरेजवाल्यांना सुटे भाग, तपासणीची साधने आणि दुरुस्तीची माहिती मिळाली पाहिजे, असे त्यात होते. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण कोर्टाच्या वाटेला लागले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचे क्षेत्रही घेतले आहे. या हक्कासाठी गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन मागणी लावून धरावी. तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पुष्कळ कंपन्यांची वर्कशॉप मॅन्युअल मिळतात. काही सेन्सरच्या खोक्यातील कागदावर पिळाचा आकडा छापलेला असतो, तो कागद आपण खोक्याबरोबर फेकून देतो. मिस्त्रीने एक वही ठेवावी आणि गाडीचे मॉडेल, भाग, आकडा अशी नोंद करीत जावे. दोन वर्षांत ती वही दुकानाची दौलत होईल. मात्र ऐकीव आकडा वहीत घेऊ नये. एका मॉडेलचा आकडा दुसऱ्याला चालेल, हा अंदाजच झाला.

तिसरा आक्षेप पैशाचा. चांगला छोटा पाना काही हजारांत येतो आणि रोजच्या कमाईवर चालणाऱ्या गॅरेजला ते जड जाते. हेही खरे आहे. पण चुकलेल्या एका सेन्सरची भरपाई, मोडलेला बोल्ट भोकातून काढण्याची मजुरी आणि तुटलेले गिऱ्हाईक यांचा हिशेब एकदा मांडावा. एका गल्लीत चार गॅरेज असतील तर चौघांनी मिळून एक पाना घ्यावा आणि तपासणीचा खर्च वाटून घ्यावा. घरातील मुलगा दहावी झाला असेल तर त्याला आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला पाठवावे. संध्याकाळी तो वडिलांच्याच गॅरेजवर हात काळे करील, पण स्कॅनर आणि आकडा यांची भीती त्याला राहणार नाही.

कसूर गिऱ्हाईकाचीही आहे

एवढे सारे मिस्त्रीला सांगून आम्ही मोकळे झालो तर ते इमानदारीचे होणार नाही. आमची गाडी बिघडली त्यात आमचाही हात होता. ऑईलची गळती काढायला गाडी दिली तेव्हा आम्ही दुपारपर्यंत तिचा तगादा लावला होता. मजुरीत शंभर रुपये कमी केले होते, आणि त्याचा आम्हाला आनंदही झाला होता. जो गिऱ्हाईक घाई करतो आणि घासाघीस करतो, त्याचा बोल्ट अंदाजानेच कसला जाणार.

त्या आठ दिवसांत आमचे काय गेले ते सांगतो. सेन्सरची किंमत फारशी नव्हती. प्रोसेसवाल्याकडील नंबर गेला, माल सीझन उलटल्यावर रंगून आला आणि भाव पाडून विकावा लागला. फिल्टर, वायरिंग आणि मजुरीचे पैसे वेगळे. ड्रायव्हरच्या बायकोने घाटातला प्रकार ऐकला तेव्हा ती आमच्या घरी येऊन रडली. त्याचा हिशेब आमच्या वहीत मांडता येत नाही.

आता आम्ही एक नेम केला आहे. इंजिनाचे काम निघाले की मिस्त्रीला विचारतो, सेन्सर काढावा लागेल का? लागणार असेल तर आकड्याने बसवा आणि त्याची मजुरी वेगळी लावा. बिलावर तो आकडा लिहून घेतो. गाडी घाई न करता दुसऱ्या दिवशी नेतो. ज्या व्यापाऱ्यांच्या चार-सहा गाड्या आहेत त्यांनी आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला पानाच घेऊन द्यावा आणि पैसे हळूहळू मजुरीत वळते करून घ्यावेत. त्यात मेहरबानी कोणावर नाही. माल आपला आहे आणि ड्रायव्हरही आपला आहे.

आमच्या मिस्त्रींना आम्ही असाच एक पाना नेऊन दिला. पहिले काही दिवस तो खोक्यातच होता. मग एकदा आम्ही गेलो तेव्हा ते आमच्याच टेम्पोचा ऑईल प्रेशरचा सेन्सर बसवीत होते. आधी त्यांनी हाताने कसला, मग पाना लावून पाहिला. पाना जागचा हलायच्या आधीच ‘कट’ वाजला. त्यांनी काही न बोलता सेन्सर पुन्हा ढिला केला, नवा वायसर घातला आणि आकड्यावर बसवला. शेजारी उभ्या असलेल्या शागिर्दाला म्हणाले, “आकडा वहीत लिहून ठेव.”